पावती कुठाय?

जालना एमआयडीसीत येणारा ट्रक दोनदा तोलला जातो. एकदा रिकामा, एकदा भरलेला. दोन्हींतल्या फरकाला माल म्हणतात आणि त्या फरकावरून जी तणातणी होते तिला धंदा. भंगार आत जातं, भट्टीत वितळतं, बिलेट होतं, रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडतं आणि आत-बाहेर करताना काटा काही चुकत नाही. काट्याच्या खिडकीतून पावती सरकते. तिच्यावर गाडी नंबर, तारीख, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन. ड्रायव्हर ती दोन घड्या घालून खिशात ठेवतो, आरशात केस नीट करतो आणि मग गाडी काढतो.

आमच्या ओळखीच्या एका काट्यावर एक मामा बसतात. सगळा जन्म एकाच खिडकीत गेला. त्यांनी मराठवाड्यातली निम्मी घरं उभी राहण्याआधी टनात पाहिली आहेत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "पावती नसंल तं वजनच झालं नाही, असं समजायचं."

हे वाक्य आता लोखंडापुरतं राहिलेलं नाही. रस्त्यावर नवे काटे आलेत. ते जमिनीत नसतात, खांबावर असतात. खालून गाडी गेली की फोटो निघतो, फोटोतला नंबर संगणक वाचतो आणि नंबर, जागा, तारीख, वेळ अशी नोंद कुठेतरी जमा होते. तुमचंही वजन झालं. पावती मात्र मिळत नाही. बरं, कुठल्या खांबावरचा कॅमेरा नुसता बघतो आणि कुठला नंबर वाचतो, हे खालून कळायलाही मार्ग नाही. दोन्हींचा चेहरा सारखाच, सरकारी.

०००

या वाचनाची सोय आपणच करून दिली, तीही पदरचे पैसे घालून. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी नंबर प्लेट बसवा, असा हुकूम निघाला. दुचाकीला ४५०, रिक्षाला ५००, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. मुदत ३१ मार्च २०२५ ची होती. मग एप्रिलअखेर झाली, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबरअखेर. लग्नाची तारीख इतक्यांदा पुढे गेली असती तर मुलीकडच्यांनी केव्हाच दुसरं स्थळ पाहिलं असतं.

प्लेट चांगली आहे. अक्षरं एका मापाची, निळ्या रंगात 'इंड', कोपऱ्यात चक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक. ४१४१ चा 'दादा' करून फिरणाऱ्यांची कला त्यामुळे लयाला गेली, त्याबद्दल कुणी सुतक पाळलेलं नाही. प्लेट चोरापासून वाचवते, असं सांगितलं गेलं. ते खरं असेल. ती कॅमेऱ्याला झकास वाचता येते, हे मात्र कुणी फारसं बोललं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांचा जुना प्रश्न. इथे उंदरांनी रांगेत उभं राहून, ऑनलाइन वेळ घेऊन, आपल्याच गळ्यात घंटा बांधून घेतली आणि पावती जपून ठेवली. हो, त्या खरेदीची पावती मिळाली. मी नीट तपासलं.

०००

कॅमेऱ्यांना कायद्याचा आधार आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत एक नवा नियम घातला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचे धोक्याचे आणि गर्दीचे पट्टे, दहा लाखांवर वस्तीची शहरं आणि शिवाय यादीतली १३२ शहरं इथे अशी यंत्रं बसवायची, असं त्यात आहे. त्या यादीत महाराष्ट्राची १९ नावं आहेत आणि त्यांत जालना आहे. हवेच्या निकषांत न बसणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीतही जालना आहेच. म्हणजे भट्ट्यांनी आधी धूर सोडायचा आणि मग त्या धुरातून नंबर वाचायला सरकारने चांगल्या प्रतीचा कॅमेरा आणायचा. विकासाला दोन्ही हात लागतात.

हा नियम वाचण्यासारखा आहे. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक फलक लावा, म्हणतो. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवा, म्हणतो. यंत्र बरोबर चालतं याचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं करून घ्या, म्हणतो. आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत फोटो जपून ठेवा, असंही म्हणतो. ज्याने सिग्नल तोडला त्याच्या फोटोला अशी मुदत आहे. जो गुपचूप पांढऱ्या पट्टीमागे उभा राहिला, ज्याने हेल्मेट घातलं, पट्टा लावला, त्याच्या नोंदीचं काय करायचं, ती कधी पुसायची, हे त्या नियमात मला सापडलं नाही. गुन्हेगार निकाल लागला की सुटतो. सज्जनाचा खटलाच उभा राहत नाही, मग तो सुटणार कुठून?

प्रमाणपत्राचंही तसंच. यंत्राचे डोळे वर्षातून एकदा तपासायचे. त्या डोळ्यांनी पाहिलेलं कुणाच्या कानात सांगितलं, ते कुणी तपासायचं?

०००

डोळ्यांवरून आठवलं. मध्यंतरी मला मेसेज आला की तुम्ही अमुक शहरात विनाहेल्मेट गाडी चालवली, दंड भरा. त्या शहरात मी दहा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. त्या दिवशी माझी गाडी एमआयडीसीतल्या एका गॅरेजात होती आणि तिचं इंजिन एका परातीत होतं. मी फोटो उघडला. गाडी दुसऱ्या रंगाची. चालवणारा तरुण, दाट केसांचा, माझ्याहून बराच देखणा. मिनिटभर वाटलं, भरून टाकावा दंड. या वयात असा फोटो पुन्हा कोण काढणार?

पण भरला नाही. मग तक्रार, मग आरसी, मग आधार, मग माझ्या गाडीचे पुढून-मागून फोटो. ती गाडी माझी नाही हे पटवायला माझी गाडी माझी आहे हे आधी सिद्ध करावं लागलं. गॅरेजवाल्या भाऊने साक्ष द्यायची तयारी दाखवली. "परातीसगट येतो," म्हणाला. तेवढी वेळ आली नाही, चलन रद्द झालं. नंबर वाचताना चूक झाली होती की कुणी माझा नंबर लावून फिरत होता, हे कुणी सांगितलं नाही. तो देखणा तरुण आजही माझ्या नावाने कुठे कुठे नोंदला जात असेल, या विचाराने कधी कधी उगीच प्रसन्न वाटतं.

मी सुटलो तो चलन आलं म्हणून. मेसेज आला, फोटो दिसला, चूक कळली. चलन नसतं आणि नुसतीच नोंद असती, तर मी त्या शहरात होतो हे आजही कुठल्या तरी संगणकाने छातीठोकपणे सांगितलं असतं. खोट्या वजनाची पावती हातात पडली, म्हणून भांडता तरी आलं.

०००

आता सरकारकडे जमा होणाऱ्या माहितीच्या धान्याचं पुढे काय होऊ शकतं, ते एका जुन्या कोठारावरून पाहू. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी आपल्याकडे म्हण आहे. केंद्राच्या वाहतूक खात्याने २०१९ च्या मार्चमध्ये तिच्यात सुधारणा केली आणि कुत्र्यासाठी दरपत्रक लावलं. वाहनांची आणि लायसन्सची माहिती ज्या सरकारी कोठारात असते, तिथली माहिती ठोक भावात देण्याचं धोरण आलं. कंपन्यांना वर्षाला ३ कोटी रुपये. शिक्षणसंस्थांना सवलतीत ५ लाख. त्याच जुलैमध्ये नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं की ८७ खाजगी कंपन्या आणि ३२ सरकारी यंत्रणांना या कोठाराची दारं उघडून दिली आणि ६५ कोटी रुपये मिळाले. २०२१ च्या फेब्रुवारीत लोकसभेत आकडा आला तो १११ कोटींच्या पुढचा. मधल्या काळात, जून २०२० मध्ये, गैरवापराची भीती म्हणून धोरण मागे घेतलं होतं. दार लावलं, हे चांगलंच झालं. गेलेली पोती परत आली का, हे विचारायचं नसतं.

आमच्या एमआयडीसीत गंजलेला खिळा घ्यायचा तरी भाव विचारतात. भंगारवाला मापात पाप करील, पण मालकाला न विचारता त्याचा पत्रा विकणार नाही. विकलाच तर त्याला चोरी म्हणतात आणि चंदनझिऱ्याच्या ठाण्यात नोंद होते. माझं नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर या मालाला एवढा भाव आहे, हे मला संसदेतल्या उत्तरातून कळावं?

विमा संपायच्या पंधरा दिवस आधी एक गोड आवाजाची मुलगी मला फोन करते आणि माझ्या गाडीचा नंबर मला म्हणून दाखवते. बायकोला तो पाठ नाही, मला अर्धा आठवतो. या मुलीला तो कुठून मिळाला, ते मी सांगू शकत नाही. तीही सांगत नाही. "सिस्टममध्ये दिसतंय सर," एवढंच म्हणते. पूर्वी संकट आलं की दैव म्हणायचे. आता सिस्टम म्हणतात.

०००

कुणी म्हणेल, तुमचं पोट दुखतंय कशाला? लपवण्यासारखं नसेल तर भीती कसली? या बाजूचंही ऐकू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर एका ट्रकच्या धडकेत एक बाई गेली आणि मदतीला कुणी थांबेना म्हणून नवऱ्याने तिचा देह मोटारसायकलला बांधून नेला. त्याला ट्रकबद्दल एवढंच आठवत होतं की त्यावर लाल खुणा होत्या. नंबर माहीत नव्हता. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोल नाक्यांवरचं चित्रण 'मार्व्हल' या राज्याच्या यंत्रणेतून चाळलं आणि ३६ तासांत तो ट्रक शेकडो किलोमीटरवर उत्तर प्रदेशाच्या वाटेवर पकडला. हे काम कॅमेऱ्याचंच. त्याला सलाम. आमच्याकडे ट्रकमधून सळया उतरवणारे ढाब्यामागे अंधारात काय काय करतात, ते कॅमेऱ्याने पाहिलं तर मीही पेढे वाटीन.

ट्रकवाल्यांना तर या जगाची सवय कधीच झाली. १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिल फास्टॅगला जोडलं. टोल ओलांडला की कराच्या अधिकाऱ्याला दिसतं की सळई कुठवर पोचली. समृद्धी महामार्गावर कुठून चढलात आणि कुठे उतरलात यावरच टोल ठरतो, म्हणजे तिथली हजेरी आपोआप लागते. माल आहे, कर आहे, हिशोब हवा. पण सळई दवाखान्यात जात नाही, कोर्टात तारखेला जात नाही, युनियनच्या बैठकीला जात नाही. माणूस जातो.

आणि आमच्या जिल्ह्यात तर नंबर कुठल्या फाट्याला वळला, यालाही अर्थ आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून अंतरवाली सराटीकडे गाड्यांची रीघ लागली. २०२४ च्या जूनमध्ये तशीच रीघ वडीगोद्रीकडे लागली. एकीकडे मराठा आरक्षणाचं आंदोलन, दुसरीकडे ओबीसी आरक्षणाचं, दोन्ही गावं एकाच अंबड तालुक्यातली, एकमेकांच्या हाकेवर. एखाद्याच्या गाडीच्या महिन्याभराच्या नोंदी हातात द्या. त्याची जात, त्याचा पक्ष आणि त्याचा राग, तिन्ही लिहून देतो. गडी मावशीकडे जेवायला गेला असेल, पण कॅमेऱ्याला मावशी दिसत नाही. आज ती यादी कुणी केली आहे, असं मी म्हणत नाही. करायची ठरवली तर अडवणारं काय आहे, एवढंच विचारतो. आणि हा प्रश्न दोन्ही गावांनी एका आवाजात विचारायला हरकत नाही. तेवढं एक तरी आरक्षण सगळ्यांना हवं असतं.

०००

पोलादाच्या धंद्यात जालन्याने शेफिल्डचं नाव ऐकलेलं असतं. इंग्लंडातलं ते पोलादाचं मूळ गाव. त्याची बरोबरी करावी ही आपली हौस जुनी. तर या शेफिल्डने नंबर वाचणारे कॅमेरे लावले आणि २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की त्यांच्या जवळजवळ ८६ लाख नोंदी इंटरनेटवर उघड्या पडल्या होत्या. पासवर्ड नाही, कुलूप नाही. पत्ता माहीत असला की झालं, कोण कुठून कुठे गेला ते कुणीही घरी बसून बघावं. चोरीही म्हणता येत नाही. दार उघडं असताना आत डोकावणाऱ्याला फार तर अगोचर म्हणतात.

अमेरिकेत एका कंपनीचे असे कॅमेरे गावोगावी आहेत आणि एका गावचे पोलीस दुसऱ्या गावच्या नोंदी बघू शकतात. २०२५ मध्ये टेक्ससमधल्या एका कार्यालयाने एका बाईच्या शोधासाठी ८३ हजारांवर कॅमेऱ्यांच्या नोंदी चाळल्याचं बाहेर आलं. तिने गर्भपात केला होता, असं शोधाच्या कारणात लिहिलेलं. पोलिसांचं म्हणणं, तिच्या जिवाची काळजी होती. कारण काहीही असो, गावांनी आपापल्या चौकात बसवलेला कॅमेरा परक्या राज्यातल्या कारणासाठी कामाला लागला होता. ऑस्टिन, इव्हान्स्टन अशा शहरांत नागरिक सभांना गेले, बोलले आणि शहरांनी ते करार गुंडाळले. न्यू हॅम्पशायर राज्याचा तर कायदाच आहे: नंबर पोलिसांच्या शोधयादीत नसेल तर नोंद तीन मिनिटांत पुसायची. तीन मिनिटांत आमच्या टपरीवरचा चहा उकळत नाही. तेवढ्यात तिथला माणूस मोकळा.

आणि आपण? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कंपन्यांना मोठे दंड आहेत आणि सरकारला मोठी सूट. सुरक्षा, सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र ज्या सरकारी यंत्रणेचं नाव अधिसूचनेत घालेल, तिला कायदा लागू नाही. याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकारातलं एक कलमही बदललं, त्यामुळे 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं झालं. माझी माहिती कुणी पाहिली हे मी विचारायला जावं आणि माझ्याच खाजगीपणाच्या काळजीपोटी मला परत पाठवावं, असा योग आता दूर नाही.

०००

शेवटी आपल्या गावची गोष्ट. ऑगस्ट २०२२. आयकर खात्याने जालन्यात पोलाद व्यवसायातल्या काहींवर छापे घातले. ५८ कोटींची रोकड आणि ३२ किलो सोनं सापडलं. नोटा मोजायला तेरा तास लागले, असं तेव्हा छापून आलं. पण गावाच्या लक्षात राहिली ती वरात. अधिकाऱ्यांच्या गाड्यांना लग्नाचे स्टिकर लावलेले होते. 'दुल्हन हम ले जायेंगे' लिहिलेल्या गाड्यांमधून सरकार आलं. एवढ्या परगावच्या गाड्या पाहून गावाला वाटलं, कुणाकडे तरी मोठं लग्न आहे. पंगतीची चौकशी करणारेही निघाले असतील.

मला त्या छाप्याबद्दल तक्रार नाही. माझ्याकडे ३२ किलो सोनं नाही, ३२ ग्रॅमसाठीही कपाट उघडून बघावं लागेल. पण एक गोष्ट त्या दिवशी सरकारने स्वतःच सिद्ध करून दाखवली. आपण कोण, कुठून आलो, कुठे चाललो, हे चारचौघांना कळलं तर काम बिघडतं. म्हणून गाडी ओळखू येऊ नये अशी तजवीज करावी लागते. हे सरकारला इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यासाठी स्टिकरचा खर्च मंजूर झाला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, याला आता खांबाची उंची मिळाली, एवढाच फरक. वाकायचेही कष्ट नाहीत.

हे सगळं मी मामांना सांगितलं. खिडकीबाहेर सळईने भरलेला एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर हात पुढे करून. मामांनी कळ दाबली, कागद खरखरत आला.

"म्हंजी तुम्हाला कॅमेरा नको?"

"असू द्या की. फक्त पावती द्या. नंबर कधी घेतला, कुणी पाहिला, कशासाठी पाहिला आणि कधी पुसला. चार ओळी."

मामांनी पावती फाडून ड्रायव्हरच्या हातात दिली. ड्रायव्हरने ती उजेडात धरली आणि आधी गाडीचा नंबर बरोबर आहे का ते बघितलं, मग वजन.

"हा बघा," मामा म्हणाले. "रोज येतो. मला मामा म्हणतो, दिवाळीला फराळ आणतो. तरी रोज तपासून घेतो. मला कधी राग आला नाही."

ड्रायव्हरने दोन घड्या घातल्या, केस नीट केले आणि गाडी काढली. फाटकाबाहेरच्या खांबाखालून ट्रक गेला. वर काही चमकलं की नाही, ते इथून दिसलं नाही.